जुनी दुनळी वाजवायची की नाही : तपासणीच्या नोंदी

३ नोव्हेंबर

मित्राच्या घरची दुनळी आज बाकावर आली. त्याचा प्रश्न एका ओळीचा: "नुसती बघ आणि सांग, वाजवता येईल का?" मातीच्या उडत्या चकत्या फोडायला ती न्यायची त्याला फार हौस आहे. नुसतं बघून सांगणारे त्याला आजवर पुष्कळ भेटले, म्हणून यावेळी मोजून सांगायचं ठरवलंय. माझं रोजचं काम लेथ आणि मायक्रोमीटरचं, बंदुकांचं नव्हे. तेव्हा मापं माझी आणि शेवटचा शब्द काकांचा. काकांची हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेलीय.

सगळ्यात आधी, भरलेली नाही ना हे पाहिलं. कुणीतरी कधीतरी घालून विसरलेलं काडतूस जुन्या बंदुकीत निघतं, असे किस्से काकांकडे ढिगाने आहेत. चापाखालचा दांडा वळवून नळ्या खाली पाडल्या. दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, रिकामी. पण डाव्या नळीतून पलीकडचा उजेड दिसेना. लाकडी गज तोंडाकडून घातला, तो वीतभर आत जाऊन अडला. टॉर्च मारली तर कुंभारीण माशीने बांधलेलं मातीचं घर, आत वाळलेले कोळी खच्चून भरलेले. मागून तेल सोडून, भिजू देऊन, गजाने हळूहळू पुढे ढकलत काढलं. असा अडथळा असताना बार काढला तर उत्तम नवी नळीसुद्धा फुगते किंवा फाटते. त्यात जुन्या-नव्याचा काही संबंध नाही.

बंदूक १२ बोअरची. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक. बाहेर दिसणारे दोन घोडे, दोन चाप, ३० इंची नळ्या, दस्त्याचं लाकूड तेल पिऊन काळं पडलेलं. बनावट साधी पण हात बसलेल्या माणसाची.

५ नोव्हेंबर

आज शिक्के वाचले. नळ्या वेगळ्या केल्या की मागच्या टोकाला खालून जो सपाट भाग दिसतो, तिथे सगळी कुंडली असते. मळ आणि सुकलेलं तेल इतकं घट्ट बसलेलं की अक्षरं दिसत नव्हती. रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश आणि सबुरी, एवढ्यावर निभावलं. गंज काढायचं आम्ल इथे लावू नये: नळीवरचा तपकिरी रंगही जातो आणि उथळ शिक्केही पुसट होतात.

मुकुट, त्याखाली एकमेकांना छेद देणारे राजदंड, मधल्या जागेत अक्षरं. म्हणजे बर्मिंगहॅम. इंग्लंडमध्ये नळ्यांना जादा भाराची दारू घालून परीक्षा घेणारी दोन घरं: लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीची सनद १६३७ ची आणि बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. डाव्या नळीवर '१२ बी', '१४ एम' आणि त्याखाली 'नॉट फॉर बॉल'. ही नळी मागे १२ बोअरची आणि तोंडाशी १४ ची, म्हणजे चोक असलेली. मागे बसेल अशी सबंध गोळी घातली तर ती पुढच्या अरुंद तोंडात अडकेल, म्हणून छऱ्यांखेरीज काही घालू नका, असा तो इशारा. असे शब्द १८७५ च्या नियमांनी आले आणि १८८७ मध्ये जाऊन त्यांच्या जागी 'चोक' आला. बंदुकीचा जन्म याच बारा वर्षांतला. उजव्या नळीवर नुसताच १२.

जे शिक्के नाहीत ते जास्त बोलके. धूरविरहित दारूच्या परीक्षेची वेगळी नोंद इंग्लंडच्या नियमांत १८९६ पासून आली. तिची खूण इथे नाही आणि नंतर कधी फेरपरीक्षा झाल्याचीही नाही. पॉल व्हिएलने फ्रान्समध्ये आपली धूरविरहित दारू १८८४ मध्ये तयार केली. ही नळी घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काळी दारूच होती. आजचं साधं बाजारी काडतूस त्यामुळे पहिल्याच टप्प्यात बाद. बंदूक वाईट आहे असा याचा अर्थ नाही. त्या दारूची परीक्षा तिने दिलेली नाही, एवढंच.

मित्राला कळवलं. त्याचं उत्तर: "पण आजोबा तर तीच वाजवायचे." आजोबा काय घालून वाजवायचे ते कुणालाच ठाऊक नाही.

८ नोव्हेंबर

मित्राच्या ओळखीतल्या एकाने त्याला सांगितलंय की पिळाच्या नळ्या म्हणजे हातात धरलेला बॉम्ब. त्याच बैठकीत दुसरा म्हणाला, असल्या नळ्यांना काही होत नाही, जुनं ते सोनं. दोघांनीही बंदूक पाहिलेली नाही.

पिळाची नळी, म्हणजे लोक जिला डमास्कस म्हणतात ती: लोखंड आणि पोलाद यांचे थर एकत्र तापवून गज करायचा, गजाला पीळ द्यायचा, असे दोन-तीन गज शेजारी जोडून पट्टी करायची, ती पट्टी सळईभोवती गुंडाळायची आणि तापवून ठोकून तिचे काठ एकजीव करायचे. मग आतून भोक पाडून बाहेरून कातायची. एका नळीत वीतभर लांबीलाही कितीतरी सांधे येतात. प्रत्येक सांधा घणाखाली जुळलेला, आणि एखाद्यात राख-मळीचा कण राहिला असेल तर तो बाहेरून दिसत नाही. हा तिचा खरा कमकुवतपणा. पण १८९१ साली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने वेगवेगळ्या जातींच्या नळ्या भार वाढवत वाढवत तपासल्या, तेव्हा उत्तम प्रतीची इंग्लिश तीन गजांची पिळाची नळी वरच्या क्रमांकात आली होती. म्हणजे 'पिळाची' म्हणून सरसकट फाशीही नाही आणि माफीही नाही. नवी असताना ती चांगली होती. मधल्या सव्वाशेहून जास्त वर्षांत तिचं कुणी काय केलं, ते शोधायचंय.

साध्या पोलादी नळीवर पिळाची नक्षी नुसती उमटवलेल्याही बंदुका असतात. म्हणून पुढच्या लाकडाखालचा, कधी पॉलिश न झालेला भाग भिंगातून पाहिला. नक्षी तिथेही आहे, मागच्या सपाट भागातही पुसट चालू राहते. पीळ खरा.

९ नोव्हेंबर

नळ्या लोंबत्या ठेवून वाजवून पाहिल्या. मागच्या टोकाखालच्या, बिजागरीत बसणाऱ्या आकड्यात दोरी अडकवली आणि लाकडी दांड्याने हलकेच टोला दिला. स्वच्छ, लांबणारा नाद. दोन नळ्यांमधल्या वरच्या-खालच्या पट्ट्या कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. डाख सुटला असेल तर भांड्याला तडा गेल्यासारखा भद्द आवाज येतो, आणि मग पट्टीखाली पाणी शिरून आतल्या आत गंज धरतो. इथे डाख शाबूत. मात्र हा नाद नळीच्या भिंतीच्या जाडीबद्दल काहीही सांगत नाही. तो ऐकून खूश होणारे लोक मी पाहिलेत, म्हणून लिहून ठेवतो.

मग सांधा. पुढचं लाकूड काढून ठेवलं, कारण त्याची स्प्रिंग नळ्यांना मागे दाबून धरते आणि ढिलाई लपवते. नळ्या बंद केल्या, दस्त्याच्या मानेला धरून हलवल्या. हाताला बारीकशी टकटक लागली. उजेडापुढे धरल्यावर नळ्यांचं मागचं टोक आणि त्यामागची पोलादी भिंत यांच्यात केसाएवढी फट. ०.०८ मिमीची फीलर पट्टी वरच्या बाजूने अलगद आत गेली.

काडतुसाच्या बुडाला मागून त्या भिंतीचाच आधार असतो. फट वाढली की बूड मागे सरकतं, पितळ ताणलं जातं, आणि बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीकडून वायू सुटला तर तो नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. हेन्री जोन्सने १८५९ मध्ये पेटंट घेतलेली ही दांड्याची पकड मजबूत असते. पकड इथेही घट्ट आहे. झीज झालीय ती पुढच्या बिजागरीच्या खिळ्यात आणि नळ्यांच्या आकड्यात.

आकडा साफ करताना त्याच्या आतल्या गोलाईत डाखाने चिकटवलेला पितळी पत्र्याचा तुकडा निघाला. कुणीतरी फट बुजवायला बसवलेला, अर्धा झिजलेला. विकण्याच्या दिवशी बंदूक घट्ट वाटावी, एवढाच त्याचा उपयोग. पत्रा काढल्यावर फट ०.१५ पर्यंत गेली. हीच खरी. दुरुस्ती होण्याजोगी आहे, जाड खिळा बसवून किंवा आकड्यावर धातू चढवून. यावर बंदूक बाद होत नाही, पण दुरुस्तीआधी बार काढायचा नाही.

१२ नोव्हेंबर

घोडे आणि चाप. दोन्ही चेंबरमध्ये खोटी काडतुसं घातली, म्हणजे रिकामा घोडा पडून टोच्यांची, म्हणजे टोपीवर आघात करणाऱ्या खिळ्यांची, टोकं मोडायला नकोत.

घोडे पडल्यावर आपोआप मागे येऊन थांबतात. ही सोय जॉन स्टॅन्टनच्या १८६७ च्या पेटंटानंतर रुळली. त्याआधीच्या बंदुकांत घोडा टोच्याला दाबूनच बसायचा, मग बंदूक उघडताना टोचा काडतुसाच्या टोपीत रुतून राहायचा. थांबलेल्या घोड्याला अंगठ्याने जोर लावून पुढे ढकललं. दोन्ही जागेवरून हलले नाहीत. इथवर ठीक.

उजवा घोडा पूर्ण ताणला आणि दस्त्याच्या मागच्या टोकावर तळहाताने थाप मारली. घोडा पडला. चापाला बोट लागलेलं नव्हतं. पुन्हा ताणला, पुन्हा पडला. स्प्रिंगच्या काट्याने चाप ओढून पाहिला तर साधारण ९०० ग्रॅमवर सुटतो. डावा १.९ किलोवर, म्हणजे जसा असावा तसा. उजवा पुढचा चाप दीड-पावणेदोन किलोच्या आसपास हवा. कुणीतरी तो हलका करायला ताणलेला घोडा अडवून धरणारी आतली खाच घासली असणार. हलका चाप ओढायला छान लागतो, पण खांद्याला दस्ता टेकतानाच बार उडू शकतो.

घोडा असलेल्या जुन्या बंदुकांना बहुधा वेगळं सेफ्टीचं बटण नसतंच. बटण असलेल्यांतही ते सहसा नुसता चाप अडवतं. आत खाच झिजलेली असेल तर ते काही वाचवत नाही. लॉक, म्हणजे घोड्याची आतली यंत्रणा, उघडून खाच पाहणं काकांवर सोडलं. ती इतकी बारीक कोनात असते की कानसीचा एक चुकीचा फटका पुरे.

दस्ता: डाव्या लॉकच्या मागे एक बारीक चीर, तेलात मुरलेली, लांबी बोटाच्या पेराएवढी. वाढलेली दिसत नाही. तेल ओढून घेऊन चिकटवता येईल. पुढे.

१५ नोव्हेंबर

चेंबरची लांबी. हे माप लोक गृहीत धरतात, म्हणून यावर सबंध दिवस घातला.

सेरोसेफ नावाचा मिश्रधातू साधारण ७० ते ८८ अंशांदरम्यान वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्या आतच. नळीत चेंबरच्या पुढे कापडाचा बोळा बसवला, नळी गरम कपड्याने ऊब देऊन घेतली, धातू ओतला. हा धातू थंड होताना आधी थोडा आकसतो, म्हणून बाहेर काढायला सोपा जातो. मग पुन्हा फुगत साधारण तासाभराने चेंबरच्या अचूक मापावर येतो. त्या वेळी मोजायचं. आधी मोजलं तर माप कमी भरतं, फार उशिरा मोजलं तर जास्त.

दोन्ही चेंबर अडीच इंची, आजच्या भाषेत ६५ मिमीची. पुढे चेंबर संपून नळी अरुंद होते तो उतार आखूड आणि उभा, त्या काळाला साजेसा.

आजची बहुतेक काडतुसं ७० मिमीची. ती या चेंबरमध्ये अगदी आरामात बसतात आणि बंदूक खटकन बंदही होते, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं आणि त्याची लांबी साठ मिमीच्या आसपासच भरते. पेटीवर लिहिलेलं माप तोंड उलगडल्यावरचं. बार होताना ते तोंड उलगडून पुढच्या उतारात घुसतं, छरे आणि त्यांच्यामागचा डाट यांची वाट अडते, आणि दाब वाढतो तो नेमका उतारापाशी. 'बसतंय ना, मग चालेल' हा हिशोब इथे उलटा आहे. चुकीचं काडतूस बसलंच नसतं तर बरं झालं असतं.

मित्र संध्याकाळी आला होता. त्याला ओतीव दाखवला, शेजारी ७० मिमीचं उडालेलं रिकामं कवच ठेवलं. कवचाचं तोंड उताराच्या बरंच पुढे गेलेलं डोळ्यांनी दिसलं. त्यानंतर त्याने काडतुसांचा विषय काढला नाही.

१८ नोव्हेंबर

त्याने आज दुसरा विषय काढला. "टायरला बांधू, चापाला लांब दोरी लावू, आणि दोन बार काढू. नाही फुटली म्हणजे चांगली. एवढं मोजत काय बसायचं?"

हा सल्ला फार लोकांकडून मिळतो आणि वरवर पटतोही. पण बार सहन झाला याने एवढंच कळतं की तो एक बार सहन झाला. प्रूफ हाउस जादा भाराचं, मोजून भरलेलं काडतूस वापरतं. त्याआधी नळी आतून-बाहेरून पाहतं आणि मोजतं, बारानंतर पुन्हा पाहतं आणि मोजतं. नळी कुठे फुगली, सांधा सरकला, पट्टी सुटली, हे बघण्यासाठीच तो बार असतो. दोरीच्या टोकाला उभं राहून यातलं काही दिसत नाही. उलट पातळ जागा त्या बाराने थोडी ताणली जाऊन तशीच राहू शकते, आणि पुढच्या वेळी तिथे टायर नसतो, हात असतो.

हे सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "बरं, मोज."

२२ नोव्हेंबर

नळ्या आतून. नायलॉनच्या ब्रशने आणि तेलाने साफ करून खिडकीकडे धरल्या. दोन्ही आरशासारख्या. मित्र असता तर टाळ्या वाजवल्या असत्या.

मला तीच गोष्ट खटकली. काळ्या दारूच्या जळक्या राखेत क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी ओढतात. संध्याकाळी साफ करायची राहिली की सकाळी लाली चढलेली असते. इतक्या जुन्या, काळी दारू खाल्लेल्या नळीत थोडेफार खड्डे असणं स्वाभाविक. खड्डा एकही नसेल तर दोन शक्यता: सगळे धनी अत्यंत शिस्तीचे होते, किंवा कुणीतरी आतून घासून खड्डे काढलेत. खड्डा काढायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा सगळा धातू खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. चकाकी मिळते, भिंत जाते.

नळी हळूहळू फिरवत आतल्या उजेडाच्या वर्तुळांकडे पाहिलं. उजवीत वर्तुळं एकात एक, सारखी. डावीत मागून साधारण ३० सेंमीवर एका बाजूला वर्तुळ किंचित तुटतं. बाहेरून त्याच जागी बोट फिरवलं. डोळ्याला काही नाही, पण बोटाच्या टोकाला उथळ सपाटी जाणवते. पिळाची नक्षीही तिथे ताणल्यासारखी, रुंद झालेली. नळीला कधीतरी पोचा आला, आतून ठोकून वर काढला, आणि वर राहिलेला उंचवटा कानसीने उतरवून वरून रंग दिला, असा हा इतिहास वाटतो. पोचा काढणं हे रीतसर काम आहे, पण उंचवटा कानसीने उतरवला की तेवढी भिंत कायमची गेली.

३० सेंमी म्हणजे पुढच्या लाकडाच्या जरा पुढे. हात लांब करून धरायची सवय असलेल्या माणसाचा डावा पंजा नेमका तिथे येतो.

२५ नोव्हेंबर

मोजमापाचा दिवस. आधी आतला व्यास, मागून ९ इंचांवर, कारण शिक्क्यातला बोअर त्याच जागेचा असतो.

उजवी १८.६९ मिमी. डावी १८.९७.

शिक्क्यातला १२ म्हणजे १८.५२ मिमी. त्याच्या वरचा आकार ११, म्हणजे १९.०८. मधले '१२/१' वगैरे उपआकार १८८७ नंतर आले. तोवर १८.५२ पासून १९.०८ च्या आतल्या सगळ्या नळ्यांवर नुसताच १२. त्यामुळे शिक्क्यावरून ही नळी मूळ किती होती ते अचूक कळत नाही. नियमाच्या भाषेत दोन्ही नळ्या अजून १२ मध्येच आहेत. पण एकाच हाताने, एकाच जोडीत घडवलेल्या नळ्यांत ०.२८ मिमीचा फरक कारखान्यातून आला असेल असं मला वाटत नाही. डावी जास्त घासली गेलीय.

आता भिंत. यासाठी उभा पोलादी गज, त्याच्या टोकाला कडक गोळी आणि समोर डायल असं साधन तयार केलं होतं. नळी गजावर वरून सरकवायची, गोळी आतून टेकते, डायल बाहेरून, मधला आकडा म्हणजे जाडी. जाडीच्या मानक पट्ट्या घालून शून्य पुन्हा पुन्हा तपासलं. दर दोन सेंमीवर नळी वळवत वाचन घेतलं. दोन नळ्यांमधल्या पट्ट्यांच्या जागी बाहेरून डायल टेकत नाही, तेवढा भाग मोजता येत नाही. हेही कागदावर लिहिलं पाहिजे.

उजवी: ९ इंचांवर ०.९५, सगळ्यात पातळ ठिकाणी ०.७१.

डावी: ९ इंचांवर ०.८६. तिथून पुढे आकडा घसरत गेला. ०.७४, ०.६१, ०.५२. पोच्याच्या जागी वळवत वळवत खालच्या डाव्या अंगाला ०.४४ वर थांबला. त्याच जागी वरच्या अंगाला मात्र ०.७८. डायल काढली, शून्य पाहिलं, पुन्हा लावली. ०.४४.

०.५१ मिमी, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी वीस, ही जुन्या १२ बोअरच्या बाबतीत कारागिरांनी सर्रास मानलेली तळरेषा. सुखाने वापरायची असेल तर असे पंचवीस भाग, ०.६४ च्या आसपास मागतात. ब्रिटिश प्रूफचे नियम भिंतीची किमान जाडी ठरवून देत नाहीत, त्यामुळे शिक्का कायद्याने शाबूत आणि भिंत मात्र गेलेली, ही दोन्ही एकाच नळीबद्दल खरी असू शकतात. इथे आहेतच.

३० नोव्हेंबर

काकांकडे सगळे आकडे आणि बंदूक घेऊन गेलो. त्यांनी आकड्यांचा कागद बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि डाव्या नळीवरून अंगठ्याचं नख मागून पुढे ओढत नेलं. नख पोच्याच्या जागी थांबलं. मग कागद उचलून त्या जागेचा आकडा पाहिला.

"डावी संपली," ते म्हणाले. "बाकी सगळं करून देतो."

उजव्या लॉकची खाच त्यांनी माझ्यासमोर उघडून दाखवली. कड गोल झालेली, मधोमध कानसीचे ओरखडे. "हे शिकलेल्या माणसाचं काम नाही हो." खाच नवी करणं, बिजागरीचा खिळा बदलणं, दस्त्याची चीर भरणं, सगळं होण्यातलं.

मी विचारलं, "काका, उजवी एकटी वाजवली तर? काळी दारू, ६५ चं कवच, हलका भार." भिंतीचे आकडे उजवीच्या बाजूने आहेत, चेंबर माहीत आहे, सांधा दुरुस्त होतोय. तत्त्वतः हो म्हणता येण्यासारखं होतं.

ते म्हणाले, "तुम्ही वाजवाल हो एकटी उजवी. पण दुनळी हातात आली की माणूस दोन काडतुसं घालतो. आज तुम्ही नाही घालणार. उद्या भाचा घालेल." मला ते पटलं. चाप दोन असताना एक कायम विसरायचा हा नियम फार तर त्याच माणसाच्या डोक्यात राहतो, बंदुकीवर लिहिलेला नसतो. त्यातून उजवीलाही काळ्या दारूखेरीज दुसऱ्या कशाची परवानगी नाहीच, आणि पोलादी छऱ्यांची तर मुळीच नाही: ते शिशासारखे दबत नाहीत, जुन्या मऊ नळीला ओरखडतात.

२ डिसेंबर

मित्राला पर्याय सांगितले. पहिला, नळ्या मागच्या टोकापासून तीन-चार इंच ठेवून कापायच्या आणि त्यात नव्या पोलादी नळ्या बसवून नव्याने परीक्षेला पाठवायच्या. बंदूक आधुनिक काडतुसांना लायक होऊ शकते, पण पिळाच्या नळ्या जातात, म्हणजे तिचं जे बघण्यासारखं आहे तेच जातं. दुसरा, आतून पूर्ण लांबीच्या लहान बोअरच्या नळ्या बसवायच्या. ऐकायला बरं, पण वजन पुढे जातं. शिवाय पूर्ण लांबीची नळी चोकमधून जाईल इतकीच बारीक घ्यावी लागते, आणि झिजलेला सांधा आणि खाच आधी नीट करावेच लागतात. तिसरा, लॉक आणि सांधा दुरुस्त करून घ्यायचा, टोचे काढून वेगळे ठेवायचे, आणि वाजवायला दुसरी बंदूक.

त्याने दोन दिवस मागून घेतले. मी पहिल्या पर्यायाविरुद्ध मत दिलं. विचारलं नव्हतं तरी दिलं.

६ डिसेंबर

तिसरा पर्याय ठरला. काकांकडे काम सुरू आहे. चकत्या फोडायला तो ओळखीच्या क्लबातली पोलादी नळ्यांची बंदूक घेणार.

मापांचा तक्ता दोन प्रतींत केला, एक काकांकडे, एक बंदुकीच्या पेटीत झाकणाच्या आतून. पुढच्या धन्याला पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागू नये म्हणून त्यावर शिक्क्यांचा अर्थ, ६५ मिमीचं चेंबर, पट्ट्यांखालचा न मोजलेला भाग आणि काढून टाकलेल्या पितळी पत्र्याची नोंदही घातलीय. सर्वांत वर ठळक अक्षरांत: डावी नळी, मागून ३० सेंमी, खालचं डावं अंग, भिंत ०.४४ मिमी, कोणत्याही काडतुसाने वाजवू नये.